पराते काकूंच्या स्वयंपाकघरातला गॅस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त कार्यकारी अभियंता माननीय नत्थूजी ठवकर साहेब. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या मलशुद्धीकरण केंद्राचे अधीक्षक श्री. मारोतराव पराते साहेब. व्यासपीठावर बसायला अजिबात तयार नसलेल्या आणि अध्यक्षांनी हुकूम सोडल्यावरच वर आलेल्या सौ. चंद्रकला काकू, पंपघर, प्रयोगशाळा आणि कार्यालयातले माझे सहकारी, आणि मागच्या रांगांत बसलेल्या क्वार्टरमधल्या माझ्या आयाबहिणींनो,

सूत्रसंचालक मुकुंदभाऊंनी मला थोडक्यात बोलायला बजावलं आहे, आणि ते घड्याळ हातात घेऊन समोरच बसले आहेत. पण मला सांगा, पराते साहेबांच्या हाताखाली उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या माणसाला थोडक्यात बोलणं कुठून जमणार? साहेब 'दोनच शब्द' म्हणून उभे राहिले की आम्ही पाण्याचे तांबे भरून ठेवत असू. तेव्हा मुकुंदभाऊ, ते घड्याळ खिशात ठेवा.

पाहुण्यांसाठी सांगते, मी प्रमोदिनी गजभिये, इथल्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ आहे. उद्यापासून साहेबांच्या खुर्चीचा पदभार माझ्याकडे येतो आहे. त्यामुळे साहेबांची काय थट्टा करायची ती आजच करून घेते. उद्यापासून मलाही गंभीर चेहरा करावा लागेल.

पण थट्टेच्या आधी एक काळजीची गोष्ट. मागच्या रांगांतल्या बायका साहेबांवरच्या मायेनं आल्या आहेत, यात शंका नाही. तरी त्यांच्या जिवाला एक घोर आहे. आमचे पंपचालक धोंडबा यांच्या घरच्या रंभाबाईंनी परवा मला नळावर गाठलं. म्हणाल्या, "बाई, साहेब चालले. आता आमच्या गॅसचं काय?"

हा प्रश्न पाहुण्यांना कळायचा नाही, म्हणून उलगडून सांगते. शहराचं सांडपाणी इथं येतं. त्यातला गाळ खाली बसतो. तो गाळ मोठ्या बंद टाकीत ठेवला, त्याला हवा लागू दिली नाही, तर त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव तो खातात, आणि त्यातून जळणारा गॅस निघतो. गोबर गॅस आपण सगळ्यांनी पाहिला आहे, तोच हा प्रकार, फक्त इथं गोठ्याच्या जागी अख्खं नागपूर शहर आहे. हा गॅस नळीनं आमच्या क्वार्टरमध्ये जातो आणि त्यावर सगळ्यांचा स्वयंपाक होतो. त्या लाइनीचा मुख्य कॉक अधीक्षकांच्या मागच्या अंगणात आहे. आणि नियम असा, की अधीक्षकांच्या घरी चूल या गॅसवर पेटत असेल तरच पुढच्या घरांना गॅस द्यायचा. तिथली बंद, तर सगळ्यांचीच बंद. हा नियम आजच्या अध्यक्षांनीच केलेला आहे. साहेब, असे छताकडे पाहू नका.

आता माझं घर इंदोऱ्याला. मी क्वार्टरमध्ये राहायला आलेच नाही, तर तो कॉक फिरवून बंद करावा लागेल. रंभाबाई विचारत होत्या ते हेच. मी त्यांना परवा उत्तर दिलं नाही, कारण ते माझ्याजवळ नव्हतं. आज सकाळी मिळालं. ते सांगणारच आहे, पण हा गॅस आला कसा ते आधी सांगू द्या.

तो काळ रॉकेलच्या टंचाईचा. डबा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि रिकामा डबा घेऊन परत यायचं, असे ते दिवस. आमच्या क्वार्टरमधल्या बायका फळबाजारातून संत्र्यांच्या पेट्यांच्या फळ्या आणून चुलीत घालत. काटोलची संत्री गोड खरी, पण त्या फळ्यांचा धूर मात्र डोळे फोडणारा. रंभाबाईंना तेव्हा असा खोकला लागला होता की बोलता बोलता त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहत. डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब राहा. लांब राहून स्वयंपाक कसा करायचा ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

आणि त्याच वेळी आमच्या टाकीतला गॅस नुसता हवेत जाळून टाकला जात होता. हे पराते साहेबांना बघवेना. साहेब उमरेडच्या विणकरांच्या घरातले. सुताचा तुकडा वाया गेला तर ज्यांच्या घरात जेवण गोड लागत नाही, त्या घरातले. त्यांनी ध्यासच घेतला की हा गॅस चुलीपर्यंत न्यायचा. प्रयोगशाळेत एक शेगडी बसवली, आणि केंद्र बघायला जो येईल त्याला त्या शेगडीवरचा चहा पाजायचा, हा नियम केला. शाळेची मुलं असोत की नगरसेवक असोत, आधी गाळावर व्याख्यान आणि मग त्याच गाळावर उकळलेला चहा. कितीतरी पाहुण्यांचा कप ओठांपर्यंत जाऊन परत बशीत आलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. साहेब मात्र पाहुण्यांसमोर घोट घोट घेऊन, मिटक्या मारत चहा प्यायचे.

आणि संध्याकाळी घरी जाताना काय करायचे? माझ्या टेबलाच्या खणात लवंगा ठेवलेल्या असत. त्यातली एक तोंडात टाकायचे आणि चावत चावत घरी जायचे. कशासाठी? तर घरात काकू विचारत, "तिथला चहा तं नाही न पेले?" आणि साहेब मान हलवत.

काकू, आज हे सांगून टाकते, मला माफ करा. साहेब, तुम्हीही.

तर साहेब साऱ्या शहराला शिकवत होते आणि त्यांच्या स्वतःच्या घरात दगडी कोळशाची शेगडी धुमसत होती. काकूंचं म्हणणं साधं होतं. त्यांनी साहेबांना विचारलं होतं, "जे एकदा घरातून बाहेर गेलं, ते नळीतून परत माह्या चुलीवर काहून आणता? देवाचा निवद मी यावर करू का?" साहेबांनी शास्त्र सांगितलं. ज्वाळा ती ज्वाळा, ती कशातून आली हे तिच्या अंगाला लागत नाही, असं बरंच समजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेगडीत कोळसे घातले.

ठवकर साहेब तेव्हा आमचे वरिष्ठ. लाइन टाकायचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर गेला. त्यांना कुठूनतरी काकूंचा नकार कळला होता. ते साहेबांना म्हणाले, "पराते, जो गॅस अधिकाऱ्याच्या घरी चालत नाही, तो मी कामगाराच्या घरी कोणत्या तोंडानं देऊ?" बोलणं कडक होतं पण खोटं नव्हतं. दसरा झाल्यावर आधी तुमची प्रयोगशाळेतली शेगडी पेटलेली बघायला येतो, मग ठरवू, असं सांगून ते गेले.

आता खरी गंमत ऐका. खंडेनवमीला आपण सगळेच हत्यारं-अवजारं पुजतो. आमच्याकडेही पंपाला, मोटारींना, पान्यांना हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालायची पद्धत आहे. त्या वर्षी साहेबांना वाटलं, आपल्या केंद्राचं खरं दैवत टाकी, तर पूजा टाकीची झाली पाहिजे. आणि देव जिथं बसवायचा ती जागा स्वच्छ हवी की नको? आईवडिलांनी लावलेलं वळण! साहेबांनी फिनाइलचे डबे आणवले, बाह्या वर केल्या, आणि टाकीत गाळ सोडायची जी विहीर आहे ती धोंडबा आणि मंडळींकडून घासूनपुसून लख्ख करून घेतली. वास यायला नको म्हणून वरून आणखी फिनाइल. आणि ते सगळं धुवण गेलं कुठं? विहिरीतून सरळ टाकीत, आमच्या त्या बिचाऱ्या गाळ खाणाऱ्या जीवांच्या अंगावर. मग नारळ फुटला, आरती झाली, पेढे वाटले.

साहेबांना अडवायला मी तिथं नव्हते. मी रजेवर होते. दसऱ्याला मी रजेवर का असते ते नागपुरात कोणाला सांगायला नको. दीक्षाभूमीला आलेल्या पाहुण्यांनी आमचं घर भरलेलं, आणि मी भाकऱ्या भाजत होते.

रजा संपवून आले तर फाटकातच फिनाइलचा घमघमाट. मी विचारलं, काय झालं? धोंडबा जमिनीकडे बघत म्हणाले, "साहेबानं पूजा केली." मी टाकीतला नमुना काढून तपासला. टाकी आंबली होती. आतले जीव मेले की आंबटपणा वाढतो आणि गॅस थांबतो. साहेबांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "आंबली नसन, रुसली असन." दुसऱ्या दिवशी ठवकर साहेब आले. पराते साहेब काड्या ओढत राहिले, एकामागून एक काड्या विझत गेल्या, आणि शेगडी काही पेटली नाही. ठवकर साहेब म्हणाले, दिवाळी झाली की पुन्हा येतो, तेव्हा पेटली नाही तर हा विषय बंद. आणि पेटलीच, तर पहिली चूल तुमच्या घरची.

साहेब, त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या टेबलासमोर बसला होता. खणातली लवंगही तुम्ही घेतली नाही. तुम्हाला इतकं पडलेलं मी त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. तुम्ही स्वतःबद्दल काही बोलला नाहीत. म्हणालात, धोंडबाच्या बायकोला मी शब्द दिला होता. तेव्हाच मला कळलं की हा माणूस गॅससाठी भांडत नाहीये, त्या बाईच्या श्वासासाठी भांडतो आहे. आजपर्यंत हे तुम्हाला तोंडावर सांगितलं नव्हतं.

टाकी पुन्हा जिवंत करायचा उपाय होता. चुना टाकून आंबटपणा कमी करायचा आणि शेण घालायचं. शेणात तेच जीव असतात. घरात विरजण लावतात तसं ते टाकीला लावायचं. पण एवढ्या मोठ्या टाकीला शेण लागणार ते बैलगाड्यांनी. साहेब वाडीकडच्या गोठ्यांतून फिरले. मोठे अधिकारी शेण मागायला दारात आलेले बघून गवळ्यांना आधी थट्टाच वाटली. मग मात्र गाड्या येऊ लागल्या. शेणाच्या पहिल्या गाडीवर, गाडीवानाच्या शेजारी, आपले अधीक्षक बसलेले होते. गुडघ्यापर्यंत शेण, चष्म्यावरही शेणाचा शिंतोडा.

केंद्राची वाट त्यांच्याच घरावरून जाते. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. साहेब गाळानं भरून यायचे तेव्हा त्या त्यांना बाहेरच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. त्या दिवशी त्या सूप खाली ठेवून फाटकापर्यंत आल्या. मी गाडीमागूनच चालत होते, म्हणून हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

काकूंनी विचारलं, हे काय? साहेब म्हणाले, शेण. कुठं नेता? टाकीत. काकूंनी गाडीत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "गाईचं आहे का?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, वाडीचे गोठे म्हणजे म्हशींचे गोठे. साहेबांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्यांना कोण पकडणार होतं? पण लवंग चावून मान हलवणं वेगळं आणि देवाधर्माच्या गोष्टीत तोंडानं खोटं बोलणं वेगळं. साहेबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "गाईचं बी आहे त्यात."

काकू आत गेल्या. बाहेर आल्या त्या हळदकुंकवाचा करंडा घेऊन. त्यांनी त्या शेणाच्या गाडीला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "टाकीत शेण पडून राहिलं असन तं मंग आणा लाइन घरात." जे काम शास्त्राच्या सगळ्या व्याख्यानांनी झालं नाही, ते वाडीच्या म्हशींनी करून दाखवलं. आणि साहेबांनी फिनाइल ओतलं नसतं तर ती गाडी आमच्या वाटेला आलीच नसती. म्हणून साहेब, केंद्राच्या वतीनं मी तुमच्या त्या चुकीचे जाहीर आभार मानते.

दिवाळीनंतर शेगडी पेटली. ठवकर साहेबांनी शब्द पाळला. पहिली चूल काकूंची, आणि त्यानंतर पुढची सगळी घरं. रंभाबाईंच्या घरी गॅस आला त्या दिवशी त्यांनी पेट्यांच्या उरलेल्या फळ्या अंगणात नेऊन ठेवल्या आणि त्यावर तुळशीची कुंडी मांडली. त्यांचा खोकला हळूहळू गेला. आज त्या मागच्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारून पाहत आहेत, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

आता येते आज सकाळच्या गोष्टीवर.

पदभार मिळणार हे कळलं तेव्हा मी आईला, रुख्माबाईंना, म्हटलं की आपण क्वार्टरमध्ये राहायला जाऊ. आई तयार होईना. ती म्हणाली, "सारी जिंदगी नाल्याच्या काठी राहिली मी. तू शिकली ते मले पुन्हा नाल्यावर न्यायलेच का?" आईचं चुकलं असं मी कसं म्हणू? गुडघाभर पाण्यातून तिनं मला शाळेत पोचवलं आहे. तिला नको असेल तर मी जाणार नव्हते, आणि म्हणूनच परवा रंभाबाईंना तोंड देता आलं नाही.

ही गोष्ट काकूंना कोणी सांगितली मला माहीत नाही. साहेब, तुम्ही असा साळसूद चेहरा करू नका. आज सकाळी काकूंनी इंदोऱ्याला रिक्षा पाठवली आणि मला व आईला बोलावून घेतलं. घरात सगळी बांधाबांध झालेली, सामान प्रताप नगरच्या नव्या घरी जायला निघालेलं. एवढी वर्षं मी त्या घरी गेले ती पुढच्या खोलीपर्यंत. मला कोणी अडवलं नव्हतं आणि मीही आत गेले नव्हते. ते तसंच चालत आलं होतं. आज काकू दारातूनच म्हणाल्या, "या वं माय, आत या, तिकडं काहून बसता?" आणि आईचा हात धरून तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

तिथं आईला पाट दिला, स्वतः समोर खाली बसल्या. मग जे बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते, त्यांनी परवानगी दिली आहे. म्हणाल्या, "मलेही नको होता हा गॅस. शेण पडलं म्हणून घेतला, असं सारे समजतात. शेण किती दिवस पुरते, मले समजत नाही का? त्यायच्यात गाय किती न् म्हैस किती, थेही समजे. पण रंभीचा खोकला या भिंतीतून रातभर ऐकू ये. मले हो म्हणाचंच होतं. देवाले सांगाले फक्त काहीतरी पाह्यजे होतं."

साहेब हे ऐकून दारात उभेच राहिले. इतकी वर्षं यांना वाटत होतं की बायकोला आपण फसवलं. आता कोण कोणाला सांभाळून घेत होतं, ते तुम्हीच ठरवा.

मग काकू आईला म्हणाल्या की प्रताप नगरला सिलिंडरचा नंबर अजून लागलेला नाही, तिथं पुन्हा शेगडी पेटवायची आहे, त्याचं काही नाही. पण ही चूल विझून जाऊ नये. आणि त्यांनी दुधाचं पातेलं आईच्या हातात दिलं, काडीपेटीही दिली.

आई पाटावर तशीच बसून राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. मग ती उठली. तिनं काडी ओढली, गॅस लावला, दूध ठेवलं. आम्ही तिघी त्या पातेल्याकडे बघत उभ्या होतो. साय वर आली, दूध फुगलं, काठाशी आलं. मी सवयीनं कॉक बारीक करायला हात पुढे केला.

आईनं माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे. जाऊ दे उतू. नवीन घर आहे आपलं."

रंभाबाई, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर. आम्ही रविवारी सामान घेऊन येतो.

पराते साहेब, काकू, तुम्हा दोघांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि प्रताप नगरला सिलिंडर लवकर मिळो. अध्यक्ष महाराज, आपण इतक्या लांबून आलात आणि स्वतःवरची थट्टाही हसून ऐकलीत, त्याबद्दल आपले आभार. मंडप, खुर्च्या आणि आतून वास येतोय त्या जेवणाची व्यवस्था करणाऱ्या सर्वांचे आभार. जेवण कोणत्या गॅसवर झालं आहे हे पाहुण्यांनी कृपया विचारू नये. मोठ्यांबद्दल बोलताना जिभेला आवर राहिला नसेल, एखादी गोष्ट चारचौघांत सांगायची नसताना सांगितली गेली असेल, तर घरचीच मुलगी बोलली असं समजून ती मनावर घेऊ नका. बसते मी. जय भीम, नमस्कार.